बोटीवरून आणलेला मोबाइल

३ फेब्रु., मंगळवार
पोलीस ठाण्यात जाऊन आले. एकटीच. हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मिस्टर बोटीवर ना? मग तिथून मारणार कसे?" मोबाइल पुढे केला. शिव्या, आणि माझे खाजगी फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायची धमकी. दोनच मेसेज वाचून त्यांनी मान खाली घातली. "घरातलं आहे, बाई. सुट्टीवर आले की बसून बोला."

बाहेर चप्पल घालते तोवर ह्यांचा मेसेज. 'ठाण्यात काय काम होतं?'

कोणी सांगितलं? मंदाने? ती माझी जाऊ, खालच्याच मजल्यावर राहते. सकाळी मला निघताना तिनेच पाहिलं.

५ फेब्रु.
मंदाने तीनदा हाक मारली. मी दार उघडलं नाही.

आई संगमेश्वराहून आली. आल्या आल्या रांधायला लागली. कुळथाचं पिठलं, भात. "जेव गो आधी. रड मग."

९ फेब्रु., सोम.
घरगुती हिंसाचारासाठी सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकारी, कदम मॅडम, त्यांना भेटले. त्यांना तेच म्हटलं, ते तर समुद्रात आहेत, तुम्ही काय करणार? म्हणाल्या, "ते कुठे का असेनात. तुम्ही रत्नागिरीत आहात. तुम्हाला सुरक्षित ठेवणं आमचं काम आहे, उपकार नाहीत."
मग अचानक, "हा मोबाइल घेतला कोणी?"
"ह्यांनीच आणला, सिंगापूरहून. चालू करून, सगळं भरूनच देतात. बोटीवाल्यांच्या घरी सगळीकडे तसंच."
"आणि आत खातं कोणाचं?"
मी मोबाइल त्यांच्या हातात दिला.

सायबर पोलिसांतल्या मुलीने तो उघडून दाखवला. खातं त्याचं. मी गेले तिथे तिथे नकाशावर ठिपका. बाजार, दवाखाना, ठाणं. एका संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर नुसती बसले होते, तेसुद्धा. पुसून टाका म्हटलं, तर ती म्हणाली, "आधी पुरावा घेऊ, ताई."
माझी तर मोबाइल बाहेर फेकायची तयारी होती.
तरी हलकं वाटलं. इथलं कोणी माणूस माझ्यावर टपून नव्हतं.

१० फेब्रु.
मंदाकडे गेले. सगळं सांगितलं, तिच्यावर संशय घेतला तेही. ती तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. "मी? ताई, मला आमच्या ह्यांना साधा गुड मॉर्निंग पाठवायचा कंटाळा!" मग हसू थांबलं. आपला मोबाइल उचलून बघत बसली. तोही बोटीवरूनच आलेला.

१७ फेब्रु.
कोर्टात मॅडम बरोबर होत्या. तात्पुरता आदेश मिळाला. फोन, मेसेज, मेल, दुसऱ्याच्या खात्यावरून किंवा नातेवाइकांमार्फत, कशानेही संपर्क करायचा नाही. माझा फोटो कुठेही टाकायचा नाही. मोडला तर गुन्हा.
ह्यांनी हॉलमध्ये बसवलेला कॅमेरा आईने स्टुलावर चढून काढला. "मेल्याचा डोळा," म्हणाली आणि फडक्यात गुंडाळून पुरावा म्हणून मॅडमसाठी ठेवला.

संध्याकाळी ठाण्यातून फोन. तेच हवालदार. आता मला 'मॅडम' म्हणतात. "आदेशाची प्रत आलीय. काही आलं, तर वेळ बघू नका, फोन करा." मग, "त्या दिवशी मी... असो."
मी स्वतः घेतलेल्या नव्या मोबाइलमध्ये पहिला नंबर त्यांचाच घातला. पासवर्ड माझा मी ठरवला.

२२ फेब्रु., रवि.
दुपारी गाढ झोपले. किती वर्षांनी. उठले तर मोबाइलच्या पडद्यावर एकही मेसेज नाही, आणि ते बघून छातीत धडधडलंही नाही.

आदेश कंपनीमार्फत बोटीवर पाठवलाय. पोचल्याचं उत्तर अजून नाही. मे महिन्यात तो सुट्टीवर उतरणार.

आई गॅलरीत बसून मुळे, खाडीतले शिंपले, सोलत होती. शिंपल्यातला जीव काढता काढता म्हणाली, "उतरल्यावर इथंच आला तर?"
"दार उघडायचं नाही. ठाण्यात फोन करायचा."
"आणि ते येतील?"
"यायलाच लागेल त्यांना. कोर्टाने सांगितलंय."
आईने माझ्याकडे पाहिलं. हात तसाच ओला. "येतील ना गो?"