दुसरा पाना

नाना, काल अक्का आली होती. स्वयंपाकघराच्या भिंतीला दोन भोकं पाडायची होती, पाण्याच्या फिल्टरच्या नळीसाठी एक बारीक आणि चिमणीच्या पाईपसाठी एक मोठं. जळगावात भोकं पाडणारे पुष्कळ आहेत. पण सख्खी बहीण धुळ्यात तुमचा कोअर कटिंगचा धंदा चालवत असताना मी दुसऱ्याला बोलावलं असतं, तर तिनं मला त्या चिमणीच्या भोकातूनच बाहेर काढलं असतं. स्वतः टेम्पो चालवत आली. पन्नाशी उलटली, पण मनगटं तीच आहेत. दारात चपला काढता काढता म्हणाली, "काय पंडित, भिंत कोनती? का तिलाबी मुहूर्त बघना शे?" मी म्हटलं, मुहूर्त होता, तुझ्या टेम्पोनं तो एरंडोलजवळच घालवला. ती हसली, चहा नको म्हणाली आणि दोन कप प्यायली.

मी सकाळपासून तयार होतो. बाह्या कोपरापर्यंत वर केल्या होत्या, जुना पायजमा घातला होता. बायकोनं विचारलंही, भोक अक्का पाडणार आहेत ना, मग तुम्ही कुठल्या कुस्तीला निघालात? तिला काय सांगणार. दोन भोकं दोन मापांची, म्हणजे मध्ये एकदा बिट, ती भिंत कापणारी दातेरी नळी, बदलावी लागणार, आणि बिट बदलायची म्हणजे दोन पाने लागतात, दोन माणसं लागतात. एकानं मशीनचा दांडा एका पान्यानं घट्ट धरायचा, हलू द्यायचा नाही. दुसऱ्यानं आपला पाना बिटीला लावून ती फिरवून सोडवायची. भिंत कापता कापता बिट आपोआप आवळत जाते, शेवटी दांड्याशी अशी एकजीव होते की दोघांच्या ताकदीशिवाय सुटत नाही. हे मी कुठे शिकलो? कुठेच नाही. पाहिलं. धुळ्याच्या घरी, माडीच्या गॅलरीतून, कित्येक संध्याकाळी.

तुम्ही कामावरून आलात की मशीन अंगणात, नळाजवळच्या ओट्यावर ठेवायचात. तुमचा गडी सुरतेला पळाला तेव्हापासून दुसरा पाना अक्का धरायची. ती तेव्हा वीस वर्षांची असेल. गल्लीतल्या बाया म्हणत, पोरीच्या हाती पाना देतो, उद्या जावई कुठून आणेल? तुम्ही त्यांना उत्तर देत नसायचात. तुम्ही तसं कोणालाच उत्तर देत नसायचात. दिवसभर भिंतींशी बोलून यायचात, घरापुरते शब्द उरायचे नाहीत. माझ्या वाट्याला रोजचा एकच प्रश्न, "अभ्यास झाला?" त्याला मी एकच उत्तर द्यायचो. आपला संवाद इतका आटोपशीर होता की त्याचं सूत्र करता आलं असतं.

पण ओट्यावर मात्र तुम्ही बोलायचात. मी वर गॅलरीत बसून शब्दरूपं म्हणतोय, अकरावीतसुद्धा आमचे संस्कृतचे शास्त्रीबुवा रोज रामापासून सुरुवात करायला लावतात, आणि खाली तुमची दोघांची डोकी जवळ आलेली दिसतायत. तुमचे ओठ हलतात. अक्का काहीतरी म्हणते. मग तुम्ही हसता. नाना, तुम्ही हसता! मी मोठ्यानं म्हणत असल्यामुळे ऐकू काही येत नाही, आणि थांबलो तर तुम्ही वर बघता. तेव्हा मला मत्सर या शब्दाची व्युत्पत्ती माहीत होती. अर्थ मी त्या गॅलरीत शिकलो.

एकदा खाली आलो होतो. अक्काचा हात निसटला होता, ती पदराला हात पुसत होती, आणि पाना ओट्यावर मोकळा पडला होता. मी तो उचलला. तुम्ही माझ्या हातून काढून घेतलात. रागानं नाही, एखाद्या लहान मुलाच्या हातून विळी काढून घ्यावी तसा. म्हणालात, "वर जाय. धूळ छातीत गई म्हंजे रातभर खोकशी. तुना हात पेनना शेत." माझ्या दम्याची काळजी होती त्यात, हे मला आज कळतं. त्या दिवशी एवढंच कळलं की मला वर पाठवलं आणि अक्काला ठेवून घेतलं.

मग ती दिवाळी. मला तुम्ही मोठा संस्कृत कोश आणलात, कापडी बांधणीचा, इतका जड की तो वाचण्याआधी उचलण्याचाच सराव करावा लागला. आणि अक्काला? तिच्या पान्याच्या दांड्याला तुम्ही स्वतः सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून दिलीत, तळहाताला फोड येऊ नयेत म्हणून. आधी सोललेल्या उसासारखा गार, निसरडा दांडा. आता काळा, मऊ, हाताच्या मापाचा. सगळे मला म्हणाले, भाग्यवान आहेस, बापानं केवढा ग्रंथ दिला. मी रात्री त्या कोशात पाना शोधला. नव्हता. ऐवज तपासून पाहिला म्हणा, आणि मनात हिशेब केला की हा सगळा कोश, परिशिष्टांसकट, त्या ट्यूबच्या पट्टीवर सोडून द्यायला मी तयार आहे. कोणी सौदा विचारला नाही.

तर काल. अक्कानं बारीक भोक पाडलं. पाणी, चिखल, घरघर, सगळं ओळखीचं. मशीन बंद झालं आणि मी पुढे झालो. "पाना दे," म्हटलं. ती म्हणाली, "कशाला?" आणि बिटीच्या मुळाशी असलेली एक कडी तिनं बोटांनी मागे ओढली, जराशी वळवली. टक्. बिट तिच्या हातात. दुसरी, मोठी बिट तिथे बसवली, कडी सोडली. टक्. बिटीच्या दातांत अडकलेला चिखल पुसायला तिला याहून जास्त वेळ लागला.

"झालं?"

"झालं."

"पाना?"

"नाही लागत आता. हातानंच निघते. आवळत नाही, अडकत नाही, एकट्या माणसाचं काम शे. बाजूला हो, पंडित, पाणी उडेल."

मी बाजूला झालो. तेच तर मी आयुष्यभर करत आलो आहे. बाह्या तशाच वर होत्या. मी त्या कडीकडे पाहत राहिलो आणि मला तिचा राग आला, लोखंडाच्या एका कडीचा. मी जिची इतकी वर्षं वाट पाहिली ती जागाच कोणीतरी रद्द करून टाकली होती. मला अक्काचा हेवा वाटावा असं तिच्याकडे अजून काहीतरी असावं, एवढीही सोय त्या शोधकर्त्यानं ठेवली नाही.

मोठं भोक झाल्यावर मी अगदी सहज विचारलं, "जुनं मशीन कुठंय? नानांचं."

"टेम्पोतच शे. पहूरला एकाला द्यायचं, इथूनच जाणार."

"पान्यांसकट?"

"मग? पान्यांशिवाय तो त्याची पूजा करेल का?"

मी बाह्या आणखी वर सारल्या. मग म्हटलं, बाथरूमलाही एक भोक हवं होतं. गिझरच्या पाईपसाठी.

"गिझर कुठं शे?"

"येणार आहे."

"मग थांब, नव्या मशीननं लगेच करते."

"नको. जुनं चालतंय का ते बघ तरी. पहूरवाला उद्या तुला शिव्या घालेल."

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. बाह्यांकडे पाहिलं. मग टेम्पोकडे गेली. तुमचं मशीन आणायला आम्ही दोघं लागलो. केवढं जड आहे हो ते! स्टॅंड भिंतीला ठोकला, पाणी जोडलं, आणि ते सुरू झालं तेव्हा बायको स्वयंपाकघरातून ओरडली की इमारत पडतेय का. भोक पडलं. आता बिट काढायची.

अक्कानं पिशवीतून दोन्ही पाने काढले. तुमचा तिनं बिटीला लावला, आणि ट्यूबवाला माझ्यापुढे धरला. ट्यूब आता तडकलीय, पण आहे. मी तो मशीनच्या दांड्याला लावला आणि सगळं बळ लावून ओढला. "अरे अरे अरे!" अक्का ओरडली. मी उलट्याच बाजूला ओढत होतो. सुटायच्या ऐवजी बिट अजून आवळली होती. "तू नुसता धर रे! फिरवायचं मी. बठ्ठं तूच करशी का?" मग तिनं पाय फाकवून उभं राहत, तुम्ही राहायचात तसंच, तुमचा पाना बिटीला पुन्हा लावला आणि अगदी हळू म्हणाली, "धरी ठेव."

मी धरून ठेवला. आणि जे विचारायचं होतं ते विचारलं. "अक्का, नाना बोलायचे काय गं तुझ्याशी? त्या ओट्यावर."

"हेच की. धरी ठेव. सोडू नको. आता सोड."

"आणि हसायचे कशाला?"

ती पान्यावर वजन टाकत म्हणाली, "तुला हसायचे. तू वर म्हणायचास ना ते, त्या तालावर आम्ही पाना मारायचो. एका शब्दाला एक झटका. तू अडखळलास की नानांचा झटका हुकायचा. मग म्हणायचे, आज पंडितनं आपली बिट अडकाडी दी." तिनं कपाळावरचा घाम खांद्याला पुसला. "ही काही निघत नाही. म्हण."

"काय म्हणू?"

"तुझं तेच की!"

नाना, मी, महाविद्यालयात संस्कृत शिकवणारा माणूस, स्वतःच्या बाथरूममध्ये घोटाभर चिखलात उभा राहून मोठ्यानं म्हणू लागलो, रामः रामौ रामाः. प्रत्येक शब्दाला अक्काचा एक झटका. बायको दारात येऊन उभी राहिली आणि परत गेली. रामेण. रामाय. आणि रामात् म्हणताना बिट सुटली. अक्का म्हणाली, "बघ. इथंच निघायची नेहमी. म्हणून मला पुढचं येत नाही." पंचमी ही वियोगाची विभक्ती, हे मी तिला सांगितलं नाही. ती म्हणाली असती, झाला का सुरू.

लोक समजतील की एवढं ऐकून माझं मन निवलं असेल. नाही हो. उलट पेटलं. म्हणजे माझा आवाजही तुम्ही दोघांनी खाली वाटून घेतलात, आणि मला पत्ता लागू दिला नाहीत. माझ्या चुकांवर घरात रोज हसू होत होतं, आणि त्या हसण्याचं आमंत्रण तेवढं मला नव्हतं. "आज बिट अडकाडी दी" एवढं एक वाक्य वर आलं असतं, तर मी मुद्दाम अडखळलो असतो, रोज, जन्मभर. "अभ्यास झाला?" पेक्षा ते वाक्य मला कितीतरी मोठं वाटलं असतं.

"सोड आता," अक्का म्हणाली. मी सोडला नाही. "अरे सुटली बिट. सोड." मी म्हटलं, थांब जरा. ती थांबली. नाना, ती खरोखर थांबली, तिच्या हातातला तुमचा पाना तसाच धरून, माझ्याकडे न बघता.

पाने मशीनबरोबर पहूरला गेले. ट्यूबवाला मी मागितला नाही, तिनं विचारलं नाही. मशीन द्यायचं तर पूर्ण द्यायचं, हे तुमचंच. त्या पहूरवाल्याला मी पाहिलेलं नाही, पण आत्ता संध्याकाळ झालीय आणि त्याच्या ओट्यावर ट्यूबवाला पाना कोण धरून उभं असेल, हा विचार मला बसू देत नाहीये. म्हणजे माझ्या मत्सराला आता पहूरसकट अख्खा जामनेर तालुकाही पुरत नाही.

निघताना अक्कानं बाथरूमच्या भोकात बाहेरच्या बाजूनं एक फडक्याचा बोळा कोंबला. "पाल शिरेल," म्हणाली. "गिझर येईपर्यंत राहू दे." आणि गिझर हा शब्द तिनं असा उच्चारला की मी खाली वाकून तिच्या चपला शोधायला लागलो.

भोकातून निघालेला भिंतीचा गोल तुकडा मी फेकला नाही. एका टोकाला टाईल, एका टोकाला प्लास्टर, मध्ये वीट. हे पत्र त्याच्याखाली राहील, कोशाशेजारी. टपालानं जाण्यासारखा तुमचा पत्ता माझ्याकडे नाही, आणि अक्काच्या हाती पडलं तर ती मला हसेल. बायकोनं मघाशी विचारलं, गिझर कधी आणायचा. मी बघू म्हणालो.

नाना, गिझर येणार नाहीये.