काचेमागचे पंचवीस तास

६ जानेवारी २०२५, सोमवार

पहिला तास झाला. उरले चोवीस.

सकाळी गंगापूरहून जीपनं आले. पुढच्या सीटवर ड्रायव्हर धरून पाच जण, माझ्या मांडीवर गोधडीचं गाठोडं आणि त्यावर शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. जीप सुटेपर्यंत माय खिडकीशी उभी होती. माझी माय म्हणजे आमच्या गावची अंगणवाडीची गीताबाई. निम्म्या गावाच्या लेकरांना तिनं बोलायला शिकवलं, पण त्याची डिग्री असते हे तिला माझ्यामुळंच कळलं.

इथं शहरात उस्मानपुऱ्यात घेतलेली खोली लहान आहे, पण ऊन चांगलं येतं. घरमालकीणबाईंनी काय शिकतेस म्हणून विचारलं. ज्यांना बोलता येत नाही त्यांना बोलतं करायचं शिकते, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, आमच्या सुनेसाठी याच्या उलटं काही असलं तर बघ.

क्लिनिक खोलीपासून चालत दहा मिनिटांवर, चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर. पेशंटला हात लावण्याआधी पंचवीस तास नुसतं बघायचं, हा आमच्या कोर्सचा नियम. पंचवीसच्या पंचवीस तास एकाच मुलाचे, आणि प्रत्येक तासाला मॅडमची सही. चोवीस भरले तरी फाइल कोरी धरतात आणि वर्ष जातं. मोनिका मॅडम मूळच्या पुण्याच्या, शांत बोलतात. त्यांनी मला थेरपीच्या खोलीला लागून असलेल्या अरुंद खोलीत बसवलं. मधे मोठी काच. माझ्या बाजूनं आरपार दिसतं, मुलाच्या बाजूनं तो नुसता आरसा. कानाला हेडफोन. नियम एकच सांगितला: बघायचं आणि लिहायचं, आपलं काही घालायचं नाही.

माझी केस रूपा. साडेचार वर्षांची, खुलताबादची. ऐकू नीट येतं, सांगितलेलं सगळं कळतं, पण आजवर एक शब्द बोललेली नाही. तिची आई रत्नमाला देवळाबाहेर हार विकते. सोमवार, बुधवार, शुक्रवार एसटीनं घेऊन येते. गावात पोरीला मुकी म्हणतात, हे तिनं मॅडमना सांगितलं तेव्हा पदर तोंडाशी नेला नाही, सरळ सांगितलं. मला ती बाई आवडली.

१० जानेवारी, शुक्रवार

तीन तास झाले. रूपा चित्रांच्या कार्डांकडं बघतही नाही. सफरचंद, बाहुली, छत्री, सगळं पुस्तकातलं. पण रत्नमालानं डबा उघडून भाजीला कोरड्यास म्हटलं की तिची मान वळते. मी निरीक्षणाच्या पत्रकावर तशी नोंद केली.

मग खोलीवर येऊन एक कागद घेतला आणि आमच्या घरातले चाळीस शब्द लिहून काढले. माय, भाकर, कोरड्यास, गोधडी, तांब्या, बाज, वावर, माळवं. खुलताबादचं आणि आमचं बोलणं फार वेगळं नाही. हे शब्द ऐकून पोरीला घरात असल्यासारखं वाटेल. पुढचा तास संपल्यावर मॅडमना द्यायचं ठरवलं आहे. आपलं काही घालायचं नाही, हे माझ्या लक्षात आहे. पण हे काय माझं म्हणायचं? हे सगळ्यांचंच आहे.

१३ जानेवारी, सोमवार

मॅडमनी कागद दोनदा वाचला आणि हसल्या. आठ वर्षांत एकाही विद्यार्थ्याला हे सुचलं नाही म्हणाल्या. कार्डं बाजूला ठेवली. माझा कागद टेबलावर काचेखाली घातला. मायला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, आपलं बोलणं आता इंग्लिश कॉलेजात चालू राहिलं व्हय.

१७ जानेवारी, शुक्रवार

सहावा तास. रूपा बोलली.

म नं सुरुवात करायची, कारण ओठ मिटलेले डोळ्यांना दिसतात. मॅडम शब्द म्हणून दाखवत होत्या, रूपा त्यांच्या ओठांकडं बघत होती. मग तिनं मान वळवून आरशाकडं पाहिलं आणि स्वच्छ म्हणाली, माय. रत्नमाला होती तिथं फरशीवर बसली. मी काचेमागं रडले, आवाज न करता. मॅडमनी सही करताना माझ्या पाठीवर हात ठेवला.

१८ जानेवारी, शनिवार

घरी फोन केला. तिकडून विचारलं, रुसलीस का गं, हाक नाय मारली. मी हसण्यावारी नेलं. खरं म्हणजे मारायला गेले होते. तोंड उघडलं आणि काही आलं नाही.

आई हा शब्द येतो. पण तो पुस्तकातला. तिला मी आई कधीच म्हटलं नाही. म्हणायचे ते दुसरं काहीतरी.

कालचं पान वाचलं. शब्द माझ्याच अक्षरात आहे. एकेक अक्षर गिरवता येतं, पण त्यातून कोणी पुढं येत नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

नऊ तास. रूपाचे अकरा शब्द झाले. रत्नमाला येताना मॅडमना शेवंतीचा गजरा घेऊन आली, मलाही एक दिला. म्हणाली, ताई, तुम्ही त्या बाजूला बसता म्हणून मॅडमनी सांगितलं, तुमचेच शब्द हायेत, तुमचे उपकार लई झाले.

सकाळी थंडी होती. घरून आणलेलं ते अंगावर घेतलं, जुन्या लुगड्यांचं शिवलेलं, आणि त्याला काय म्हणतात ते आठवेना. कागदाची नक्कल माझ्याकडं आहे. रूपानं म्हटलेल्या शब्दांवर पत्रकावरून टिक केली. जे अकरा टिक झाले ते अकरा मला वाचताना नुसती अक्षरं वाटतात. उरलेले एकोणतीस अजून शब्द आहेत.

हे लिहिताना माझं मलाच हसू येत होतं. आता येत नाही.

२९ जानेवारी, बुधवार

मॅडमना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. पहिल्या वर्षाला प्रत्येकाला आपण शिकतोय तो आजार होतो, म्हणाल्या. त्यांना स्वतःला तोतरेपणा झाला होता, दोन महिने. तरी ओळखीच्या डॉक्टरांकडं पाठवलं. मेंदूचा फोटो निघाला. सगळं ठीक.

दुसरी केस द्याल का, म्हणून विचारलं. मिळेल, म्हणाल्या, पण मग तास पहिल्यापासून मोजावे लागतील आणि परीक्षेआधी ते भरणार नाहीत.

१० फेब्रुवारी, सोमवार

सोळा तास. कागदावरचे चाळीसही संपले.

मला वाटलं होतं, इथं थांबेल. आज रूपा मॅडमना म्हणाली, आमच्या दारात चिंचंचं झाड हाय, त्याला झोका हाय. रत्नमाला गोंधळली. म्हणाली, आमच्या दारात कुठलं झाड, दारासमोर रस्ता हाय.

आमच्या दारात आहे. हे मी लगेच पत्रकावर लिहिलं, आत्ताच लिहावं म्हणून. आता खोलीवर बसून आमचं दार डोळ्यांसमोर आणते. दार आहे. पायरी आहे. बाजूला सावली पडते. कशाची, ते दिसत नाही.

हेडफोनमधला आवाज लेकराचा नाही. माझा आहे. बोलताना शेवटी खाली पडतो, तसाच.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ताप आला. तीन तास बुडले. शुक्रवारी सकाळी अंगावरची गोधडी बाजूला केली आणि जागच्या जागी थांबले. गोधडी. मोठ्यानं म्हटलं. तांब्या, बाज, वावर. फोन लावला आणि तिनं उचलायच्या आधीच माय माय म्हणत सुटले. ती घाबरली. काय झालं, कुणी काय बोललं का, विचारत राहिली. चिंचेचं झाड जागेवर आहे.

म्हणजे न गेलं की परत येतं. एवढं सोपं आहे.

आज दुपारी रत्नमालाचा फोन आला. रूपा शुक्रवारपासून गप्प आहे. आधीसारखी नाही, त्याहून वाईट. बोलायला तोंड उघडते, काही निघालं नाही की मुठीनं स्वतःच्या तोंडावर मारून घेते. ओठ फाटला. रत्नमाला विचारत होती, ताई, तुम्ही कधी येणार.

मॅडम काय करणार, असं नाही विचारलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

हिशोब असा. नऊ तास उरले. नाही गेले तर वर्ष जातं. गेले तर शब्द जातात, पण थांबल्यावर तीन-चार दिवसांत परत येतात, हे बघितलं आहे. नऊ तास सोसायचे, सही घ्यायची आणि गावी जायचं. मग रूपाचं जे होईल ते होईल.

हे वाक्य मी लिहिलं. त्या पोरीचा ओठ फाटलाय हे माहीत असून लिहिलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

एकोणीस. परत गेले त्या पहिल्याच तासात सगळं गेलं, आधीपेक्षा पटकन. रूपा आता गोष्टी सांगते. आमच्या शेजारणीच्या, आमच्या शाळेच्या. मॅडमना तिची कल्पनाशक्ती अजब वाटते. रत्नमाला खाली मान घालून ऐकते. तिला कळलं असावं. जाताना माझ्याकडं न बघता हात जोडले.

फोनवर बोलताना वाक्य अर्धं राहतं. गीताबाई विचारते, काय करू राहिली, जेवली का. मी हो म्हणते.

५ मार्च, बुधवार

काच वाजवली. दोन्ही हातांनी. थांबवा म्हणायचं होतं — थांबवा आलं नाही, नुसता आवाज आला. मॅडम दचकल्या. रूपा दचकली नाही. आरशात बघत होती, मी जिथं उभी होते तिथंच.

मॅडम रागावल्या. आजचा तास धरला नाही. एकविसावा पुन्हा.

१० मार्च, सोमवार

बावीस.

घरमालकीणबाईंना चहा नको म्हणायचं होतं. नको सापडला. चहा नाही. बोटानं दाखवलं. त्या म्हणाल्या, आता तुझंच औषध कर बाई. मग हसायच्या थांबल्या.

गीताबाईचा फोन उचलत नाही. अंगठ्याचं चित्र पाठवते.

१७ मार्च, सोमवार

चोवीस. एकच राहिला — थांबू का — थांबले तर वर्ष — आणि तिचा ओठ —

लिहायला वेळ लागतो. शब्द लांबून येतात. काही वाटेतच —

१९ मार्च, बुधवार

पंचवीस. सही झाली. मॅडम म्हणाल्या अभिनंदन. फाइल दिली.

आता चार दिवस.

२३ मार्च, रविवार

चार दिवस झाले. आलं नाही.

मागचं वाचलं. तेव्हा चार दिवसांत आलं होतं. तेव्हा फाइल उघडी होती. आता बंद —

२५ मार्च

तिचा मेसेज. वाचता येतो, थोडा. तुझा आवाज ऐकला नाय पंधरा दिवस. उद्या चारला फोन करते. नाय बोललीस तर पहिल्या जीपनं येते, तुला घेऊन जाते.

येऊ दे. ती बघेल. ती शिकवेल मला. पोरांना शिकवते ती. येऊ दे.

२६ मार्च

रत्नमाला आली. पेढे. रूपा बरोबर. नवा फ्रॉक. रूपा खोलीत फिरते, सगळ्याला हात लावते, नाव घेते. प्रत्येकाचं. मी वही धरून —

चार. फोन. उचलणार नाही. नाही उचलला की ती येईल —

रूपानं उचलला.

माझा आवाज. रूपाच्या तोंडात. व्हय, बरी हाय. व्हय, जेवले. ताप होता. आता नाय. तिकडं रडणं — मग हसणं —

रूपा म्हणाली, येऊ नको. कशाला येतीस. मीच येते शनिवारी.

रत्नमालाकडं बघितलं. ती भिंतीकडं बघते.

ओरडले. आवाज निघाला. नुसता. मोठा. तिकडून विचारलं कोण ओरडतंय गं —

रूपा म्हणाली, कुणी नाय. इथं एक मुकी पोरगी हाय, ती