डिफेक्ट वेगळा, डिफेक्टिव्ह वेगळं

मी, श्रीनिवास दत्तात्रय खांबेटे, वय ७८, निवृत्त तपासनीस, राहणार बिबवेवाडी, पुणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली नसताना स्वहस्ते लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण चिरंजीवांना शंका येणारच. फुप्फुसांचं मात्र काही खरं नाही.

१. चौतीस वर्षं मी कारखान्यात पंपाचे सुटे भाग तपासले. नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगायचो: भागावर ओरखडा असेल तर तो डिफेक्ट. ओरखड्यामुळे भाग कामच करणार नसेल, तरच तो डिफेक्टिव्ह. हा फरक न कळता नापासाची लाल पट्टी लावणाऱ्याची मी भर खात्यात खरडपट्टी काढलेली आहे.

२. माझी मुलगी स्वराली. तिचा डावा पाय जन्मापासून दोन इंच आखूड. २००८ साली तिला बघायला आलेल्या मंडळींना मी म्हणालो, "मुलगी गुणी आहे, पण पीस डिफेक्टिव्ह आहे. आधीच सांगितलेलं बरं." मला वाटलं, प्रामाणिकपणा केला. ती पोह्यांच्या बश्या घेऊन दारातच उभी होती. मंडळी पोहे खाऊन गेली, ती गेलीच. संध्याकाळी तिने विचारलं, "बाबा, डिफेक्टिव्ह म्हणजे नेमकं काय हो?" आणि मी गाढवाने तिला व्याख्या सांगितली, पोरांना सांगायचो तीच. महिन्याभरात ती वारज्याला भाड्याच्या खोलीत राहायला गेली. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

३. माझी पत्नी कै. मंदाकिनी शेवटी अंथरुणाला खिळली, तेव्हा स्वराली पाच महिने रोज दोन बस बदलून यायची, तीन मजले चढायची. आईचं सगळं केलं, माझ्याशी अबोला ठेवूनही मला वेळेवर वाढलं. चिरंजीव अवधूत, दोन्ही पाय धडधाकट, वाघोलीहून दोनदा आले. सबब हा राहता फ्लॅट, भांड्याकुंड्यांसकट, माझी ———— मुलगी स्वराली हिला देत आहे. तिला जिने झेपणार नाहीत, फ्लॅट माझ्या नावे करा, असं अवधूतचं म्हणणं आहे. ते मी ऐकलं आहे आणि नामंजूर केलं आहे.

४. अवधूतला माझा व्हर्नियर कॅलिपर. मोजण्यासारखं काही सापडलंच तर वापरावा. बँकेतली ठेव दोघांना सारखी.

५. माफी मागायला मी तिला तीनदा फोन लावला. ती "हॅलो" म्हणाली की ठेवून दिला. लाज वाटायची. अजून वाटते. माझ्या अंत्यविधीला यायची तिच्यावर सक्ती करू नये. आलीच, तर "आलीस का शेवटी" असं कोणी म्हणू नये. तिला खुर्ची द्यावी.

पुणे, १९ नोव्हेंबर २०२४
श्री. द. खांबेटे

साक्षीदार: डॉ. शैला मराठे, उत्तरेश्वर जगदाळे (शेजारी)

खाडाखोडीबद्दल: कलम ३ मध्ये एक शब्द खोडला आहे. तिथे मला "अविवाहित" लिहायचं होतं. हात सवयीने भलतंच लिहून गेला. डॉ. शैलाताई म्हणाल्या, नवा कागद घेऊन पुन्हा लिहा. मी नको म्हणालो. तो शब्द लावणारा मीच होतो आणि खोडणाराही मीच, हे स्वरालीला दिसलं पाहिजे.
श्री. द. खांबेटे