तळाशी थांबलेला चिखल

खोल विहीर छावणी, सिचुआन
१४ जानेवारी १९७८

चि. पेइरोंग हिस, अनेक आशीर्वाद.

तुझं लग्न ठरल्याचं वाचून प्रयोगशाळेत सगळ्यांना गोड गोळ्या वाटल्या. आई गेल्यापासून तुझ्या वेण्या मीच घातल्या. लग्नाच्या दिवशीही मीच घालणार होते. पण येणं जमेलसं दिसत नाही. रागावण्याआधी ऐक.

वायूसाठी खोदतोय ती विहीर आता इतकी खोल गेलीय की तळाशी भट्टीची धग आहे. खोदताना आम्ही आत चिखल फिरवतो. वर तो पेजेसारखा वाहतो, पण त्या धगीत थांबला की खळीसारखा घट्ट होतो. नळ्या अडकल्या तर विहीर जाते. खालचा वायू उसळला तर माणसंही. म्हणून मी नमुने लोखंडी डब्यात बंद करून भट्टीत तापवते, मग उघडून पाहते. परवाच्या डब्यात चमचा उभा राहिला! महिनाअखेरीस खोदायचं पातं बदलायला नळ्या वर काढतील, तेव्हा चिखल तळाशी नुसता पडून राहील. त्याआधी औषध सापडायला हवं. जोडीदारीण बाळंतपणाला गेलीय. मी निघाले तर डबे कोण उघडणार?

जेवत जा. राग धर, पण अबोला नको.

तुझी ताई,
युनलान

झिगोंग
२२ जानेवारी १९७८

ती. ताईस, सा. न.

आधी रडले, मग तुझ्या चिखलाला मनसोक्त शिव्या दिल्या. नवरदेव लियाओ म्हणाले, ताईंनी चिखलाशीच संसार थाटलाय, आपण कोण बोलणार! त्यांना दटावलं, पण हसूही आलं.

तारीख पुढे ढकलता येत नाही गं. त्यांची बदली हार्बिनच्या रेल्वे कारखान्यात झालीय. एकदा गेलो की काही वर्षं तरी इकडे येणं नाही. तीस तारखेला दुपारी आमची गाडी तुझ्या छावणीजवळच्या ग्वांगयुआनला थोडा वेळ थांबते. चिखलाची परवानगी काढ आणि ये.

वाट पाहणारी,
पेइरोंग

हार्बिन
१९ फेब्रुवारी १९७८

ती. ताईस, आम्हा दोघांचा सा. न.

तुझं पत्र पोचलं. नळ्या सुखरूप खाली गेल्या, चिखल वाहता वर आला, हे वाचून ह्यांनी शेजाऱ्यांना बोलावून दारू पाजली. इथे थंडी अशी की ओला टॉवेल दोरीवर लाकूड होतो.

फलाटावर भेटून तू फक्त चिखलाचंच बोललीस, याचं तुला वाईट वाटतंय असं लिहिलंस. डबा भट्टीत तापतोय तेवढ्यात सिमेंटच्या ट्रकमधून धावत आलीस आणि माझा हात धरून सांगत सुटलीस: कोळशाच्या भुकटीचं औषध, ते किती घालायचं, जास्त झालं तर काय. ताई, मला त्यातलं काही म्हणता काही कळलं नाही. तरी मी एकामागून एक विचारत राहिले. तू क्षणभर जरी गप्प झाली असतीस, तर मी गाडीत चढले नसते.

माया अशीच असू दे.

तुझीच,
पेइरोंग