काचेतला रंधा

दादा,

हो, तुझ्या दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीतून बाबांचा रंधा मीच नेला. सगळ्या नातेवाइकांत तू मला चोर ठरवलंस. पण तू त्याला पॉलिश करून पातं उलटं बसवलंस आणि वर पाहुण्यांना ऐकवत राहिलास, "हा आमचा वारसा!" बाबा म्हणाले असते, "गाढवा, यानं लोणीसुद्धा कापलं जाणार नाही."

"मुलीला रंधा कशाला?" असं विचारलंस ना? ज्या हातांना बाबांनी तो धरायला शिकवलं, त्यांना विचार. आज पात्याला धार लावली, सुलट बसवलं आणि फळी तासली.

हे पत्र टाकणार नाही. रविवारी सगळ्यांसमोर तोंडावरच सांगेन. तुझं दार फुगलंय, घासतं म्हणे. रंधा घेऊनच येते.

तुझी धाकटी,
बाबांच्या हाताखालची सुतार