चिठ्ठीत लिहिलं, वहीत नाही

१८ नोव्हेंबर, मंगळवार
तीन नंबरच्या रिअ‍ॅक्टरचा व्हॉल्व्ह पुन्हा गळतोय. गॅसने डोळे नुसते चुरचुरतात. पाळीच्या नोंदवहीत लिहायला घेतलं, तर सुपरवायझर मितेश साहेब मागे उभे — "ठीक लिही. प्लांट बंद केला तर माल अडकेल, मग तुझं कंत्राट कोण वाढवणार?" लिहिलं, ठीक. माझ्यानंतर दुपारपाळीला त्याच मजल्यावर प्रदीप असतो. माझा नवरा! त्याला सांगितलं तर तो भांडणार आणि दोघांचीही नोकरी जाणार. म्हणून गप्प बसले. भित्री आहे मी, दुसरं काय.

२० नोव्हेंबर
घास उतरत नाही. प्रदीप पाळीला आत येताना दिसला की मी दुसरीकडे बघते.

२३ नोव्हेंबर, रविवार
शेजारची सुगंधा मला सालवडला घेऊन गेली, मंजुळाताईंच्या खोलीवर. तिथे येशूची प्रार्थना असते. प्रदीपने सोडलं, पण आत येईना — "मी दाराशीच बरा हाय." चटईवर वीसेक जण, बहुतेक आमच्याच प्लांटचे. ताईही बारा वर्षं पॅकिंगला होत्या. दाराशी बिस्किटांचा डबा ठेवलेला, झाकणाला चीर. ताई म्हणाल्या, "जे कोनाला सांगता येत नाय ते कागदावर लिवा नि यात टाका. नाव नको. पहिल्या रविवारी उघडू, सगळी मिळून प्रार्थना करू."
सगळं लिहिलं. व्हॉल्व्ह, वही, प्रदीप. टाकलं आणि रडले. किती महिन्यांनी छाती भरून श्वास घेतला! येताना वडापाव खाल्ला, दोन.

२४ नोव्हेंबर
आज 'ठीक' लिहिलं आणि लगेच पान उलटलं. ते ओझं आता प्रभूकडे आहे.

३ डिसेंबर, बुधवार
वास वाढलाय. माझ्या पाळीतला अंकुश ओकून ओकून पायरीवर बसला होता. साहेब म्हणाले, पित्त असेल, गोळी घे. मी डोळे मिटून प्रार्थना केली आणि ठीक लिहिलं. मन शांत आहे. इतकं शांत, की त्याचीच भीती वाटते.

७ डिसेंबर, रविवार
डबा उघडला. नऊ चिठ्ठ्या, त्यातल्या पाच त्या व्हॉल्व्हच्या. सगळ्यांनी देवाला सांगितलंय, वहीत एकानेही नाही. ताईंनी त्या पाच वेगळ्या ठेवल्या. मग म्हणाल्या, "प्रभूला कळलं. आता वहीत कोन लिवनार?" मी चिठ्ठ्या गोळा करू लागले.
चटईवरची शेवटची चिठ्ठी प्रदीपच्या अक्षरात होती. 'व्हॉल्व्ह कधीही फुटेल. बायकोला कळू देऊ नको, ती घाबरंल.'
तीन वाजून गेलेत. आज त्याला रविवारची पाळी लागलीय; तो आत्ता तिथेच, प्लांटवर आहे. मी वहीत लिहायला निघालेय.