प्लायवूडवरची मोहीम

२४ ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ११
पार्सल आलं. शंभर सैनिक, एक इंच उंच. सहा हत्ती, चार फासे. एका सैनिकाला मुंडकंच नाही. त्याला राखीव दलात टाकलं.

सगळे भाले-तलवारवाले. बंदूकवाले मुद्दाम घेतले नाहीत. आपल्या गडचिरोली जिल्ह्यात टेबलावर जंगल मांडून त्यात बंदुका ठेवल्या, तर येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावत बसावं लागतं.

आजपासून संकल्प: दर रविवारी दुपारी सगळ्यांचे मोबाईल बंद आणि सगळं कुटुंब लढाईला हजर. व्हिडिओत पाहिलं, परदेशात घरोघरी असे खेळ चालतात. त्याने डावपेच येतात, शिस्त येते, नेतृत्वगुण येतात. नेतृत्व माझ्याकडे आहेच. एकोणीस वर्षं चामोर्शीत इतिहास शिकवतोय. बाकीच्यांनी बघून शिकावं.

दुपारी ४
दिव्यानीनं रंगवायला दोन नेलपॉलिश दिल्या. एक लाल, एक पीच. लाल सैन्य माझं. पीच सैन्य त्या तिघींचं: बायको पुनम, मुलगी दिव्यानी आणि माझी माय. एकट्यानं तिघींशी लढणं अन्यायाचं आहे. त्यांच्यावर.

२५ ऑक्टोबर, शनिवार
रणांगण तयार. जुन्या कपाटाच्या मागचा प्लायवूड, टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलचे डोंगर, निळ्या पिशवीची नदी. जंगल भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरचं. पुनमनं सकाळी विचारलं, अहो, स्क्रबर कुठी गेले? मी म्हटलं, पूर्वेच्या जंगलात.

प्लायवूड मायच्या दिवाणावर ठेवला. दुसरीकडे मावत नाही. माय खाली झोपेल. मोहिमेत त्याग लागतो.

नियमावली लिहिली. बेचाळीस पानं, स्वतःच्या अक्षरात. परदेशातल्या नियमांत आपल्याकडच्या मातीचा विचार नसतो, तो मी केला आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार
लढाई झाली नाही. नियमवाचनाला अडीच तास लागले. माय अकराव्या पानावर झोपली. पुनम सोळाव्या पानावर वरण बघायला गेली, ती आलीच नाही. दिव्यानी शेवटपर्यंत बसली आणि मध्ये मध्ये काहीतरी लिहून घेत होती. माझीच मुलगी.

२९ ऑक्टोबर, बुधवार
पुनमला हॉस्पिटलातून प्रमोशनची ऑर्डर आली. इन्चार्ज सिस्टर. पण अहेरीला. एक डिसेंबरला हजर व्हायचं.

मी शांतपणे मुद्दे मांडले. दिव्यानीची दहावी. मायचे गुडघे. माझं इथलं स्थान. (स्वयंपाकाचा मुद्दा मी काढला नाही. तो क्षुद्र आहे.) पुनम म्हणाली, विचार करून राह्यली. मी म्हटलं, विचार एकट्यानं करायचा नसतो.

मग मला कल्पना सुचली. घरात वाद नको. तीन लढाया खेळायच्या. जो दोन जिंकेल, त्यानं अहेरीचा निर्णय करायचा. पुनमनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं."

इतक्या लवकर बरं म्हणाली, म्हणजे घाबरली आहे.

२ नोव्हेंबर, रविवार
विजय!

मधल्या टप्प्यात पीच हत्ती माझ्या डाव्या बगलेत घुसले होते. पण तेवढ्यात रणांगणावर दाट धुकं पडलं. धुक्यात हत्ती चालत नाहीत. दिव्यानी म्हणाली, पप्पा, हे कुठी लिहिलं आहे? मी पान त्रेचाळीस दाखवलं. ती म्हणाली, याची शाई ओली आहे. मी म्हटलं, इतिहास नेहमी ओल्या शाईनंच लिहिला जातो.

लाल १, पीच ०.

माय विचारत होती, धुकं फक्त आमच्याच हत्तीले काऊन दिसलं? वयानुसार काही गोष्टी समजत नाहीत.

३ नोव्हेंबर, सोमवार
शाळेत दिनेश सरांनी दोन्ही हातांनी हात दाबला. अभिनंदन सर, आता पार्टी पाहिजे. दिव्यानी त्यांच्या मुलीच्या वर्गात, तिनं सांगितलं असणार. मी विनयानं म्हटलं, अहो, माझी रणनीती फार साधी होती. दिनेश सर जरा गोंधळले. म्हणाले, तुमचा सपोर्ट असल्याशिवाय होते का सर. मी म्हटलं, डाव्या बगलेला सपोर्ट होताच.

चांगला माणूस. गणित शिकवतो म्हणून थोडा बाजूला पडला आहे.

९ नोव्हेंबर, रविवार
आजच्या लढाईबद्दल फार लिहिण्यासारखं नाही.

तरी नोंद म्हणून. रणांगणावर चार कोठारं आहेत, म्हणजे आगपेट्या. मी सरळ पीच सेनापतीवर चाल केली. माय मात्र लढेचना. दरवेळी आपले दहा सैनिक एका आगपेटीजवळ न्यायची आणि बसायची. मी हसलो. म्हटलं, माय, लढ ना.

ती म्हणाली, "लढून काय करू? तुयं सैन्य काय खाऊन राह्यलं थे पाहून राह्यली मी."

चारही आगपेट्या तिच्याकडे गेल्यावर दिव्यानीनं नियमावलीचं एकोणिसावं पान उघडलं. नियम सतरा: ज्या सैन्याकडे सलग दोन डाव एकही कोठार नाही, ते उपासमारीनं अर्धं होईल. अक्षर माझं. व्हिडिओतून उतरवताना लिहून गेलो असेन.

माझे सेहेचाळीस होते. तेवीस झाले. मग अकरा. पुनमनं हत्ती पुढे सरकवला आणि वरण उतरवायला गेली. परत येईपर्यंत माझं कोणी उरलं नव्हतं.

माय म्हणाली, "सत्तर वर्सं धान लावलं बाबू. कोठी कोनाकडं हाय थे पाह्यल्याशिवाय भांडाले नाई जात."

तिचं वयच सत्तर आहे. अतिशयोक्ती करते.

१० नोव्हेंबर, सोमवार
नियम सतरा हा मसुदा होता. तो अंतिम नव्हता. हे मी सकाळी चहाच्या वेळी स्पष्ट केलं. कोणी काही बोललं नाही. मौन म्हणजे संमती.

१ – १.

१२ नोव्हेंबर, बुधवार
पुनम तीन दिवस अहेरीला गेली. म्हणाली, जागा पाहून येतो. म्हणजे टेहळणी. तिला तिकडचं जमणार नाही हे तिचं तिलाच कळेल. शत्रूला कधी कधी पुढे जाऊ द्यावं.

माय पण तीन-चार दिवस मार्कंड्याजवळच्या शेतावर धान कापणीला गेली. म्हणजे घरात मी आणि दिव्यानी. उत्तम संधी. नेतृत्व दाखवायची.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी गॅस संपला. दुसरा सिलिंडर भरलेला आहे असं दिव्यानी म्हणाली, पण रेग्युलेटर बसेना. शेजारच्या रीताबाई आल्या, एका हातानं बसवून गेल्या. दुसऱ्या हातात त्यांचं नातवंड होतं.

दुपारी समोसे. रात्री समोसे.

डाळीचा डबा सापडला नाही. हे घर चालवणाऱ्यानं डब्यांवर नावं लिहायला हवीत. पुनमला सांगीन.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
दिव्यानी रीताबाईंकडे जेवली. मला पोटात गडबड. पुरवठ्याची काही अडचण नाही, फक्त हवामान बदललं आहे.

पुनम संध्याकाळच्या बसनं आली. खूप बोलत होती. क्वार्टरच्या मागं चारोळीचं झाड आहे म्हणे. वॉर्डातली एक सोमारी नावाची आया आहे, तिनं पहिल्याच दिवशी जेवायला नेलं. मी लक्ष दिलं नाही. मी तिसऱ्या लढाईचा विचार करत होतो.

१६ नोव्हेंबर, रविवार
लढाई पुढे ढकलली. तिघी वडशाला झाडीपट्टी नाटकाचा तंबू लागला आहे तिकडे गेल्या, पुनमच्या बहिणीकडे मुक्काम. मला पण चला म्हणत होत्या. मी म्हटलं, मला काम आहे.

काम होतं. नदी थोडी सरकवली. दोन इंच. फक्त दक्षिणेकडे. आता दोन कोठारं माझ्या काठावर आली. याला फसवणूक म्हणत नाहीत. वैनगंगा पण पात्र बदलते. भूगोलाच्या पुस्तकात आहे.

नियम सतरा खोडून त्यावर पांढरं लावलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार
उद्या निर्णायक लढाई. मनानं मी पूर्ण शांत आहे. जिंकल्यावर काय बोलायचं ते तयार करून ठेवलं: पुनम, मला तुझ्या करिअरबद्दल आदर आहे, पण. या पणपर्यंत चांगलं जमतं.

२३ नोव्हेंबर, रविवार
बसल्याबरोबर दिव्यानीनं मोबाईल काढला. मी म्हटलं, मोबाईल बंद. ती म्हणाली, एकच मिनिट पप्पा. नऊ तारखेला तिनं रणांगणाचा फोटो काढलेला होता. नदी फोटोत जिथं होती, तिथं तिनं परत नेऊन ठेवली. मायनं पदरानं तोंड झाकलं.

नियमावलीचे पण फोटो होते. बेचाळीसही पानांचे. पहिल्या दिवशी नुसतं लिहून घेत नव्हती तर.

तरी मी लढलो. शर्थीनं लढलो असं म्हणायला हरकत नाही. पण समोर तिघी, आणि तिघी एकमेकींशी न बोलताच खेळत होत्या. पुनम हत्ती पुढे घ्यायची, तोवर दिव्यानीनं घाट अडवलेला असायचा, माय कोठारावर बसलेली. या तिघी हे कधी शिकल्या कळत नाही. मी तर काही शिकवलं नव्हतं.

शेवटी माझा सेनापती आणि मुंडकं नसलेला राखीव सैनिक, दोघंच उरले. पुनमच्या हातात फासा. ती म्हणाली, "शरण येता काय? आलात तर मी फासा नाई टाकत."

एवढं साधं विचारलं तिनं. हो म्हणायचं होतं. तोंडात आलं पण होतं. पण दिव्यानी बघत होती.

मग माझा कोपर लागला.

प्लायवूड उलटला. जंगल, डोंगर, नदी, सगळं खाली. मायच्या पायावर थर्माकोल पडला. तिला लागलं नाही. मी म्हटलं, कोपर लागला. कोणी काही बोललं नाही. यावेळी मौन म्हणजे संमती असं वाटलं नाही.

पुनम खाली वाकून सैनिक वेचत होती. दिव्यानी दिवाणाखालून लाल लाल वेगळे काढून देत होती. मी पंखा थोडा कमी केला.

२४ नोव्हेंबर, सोमवार
झालेल्या प्रकारात लढाई अनिर्णित धरता येते. पण मी मोठ्या मनाचा आहे. निर्णय घेतला: पुनमला अहेरीला जाऊ द्यायचं. तिचा होकाराचा अर्ज मीच लिहिला, भाषा चांगली व्हावी म्हणून. "माझ्या पतीच्या पूर्ण संमतीने व प्रोत्साहनाने" हे वाक्य फार सुंदर जमलं आहे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
अर्ज पुनमला दिला. तिनं वाचला. मग कपाटातून एक कागद काढून माझ्या हातात दिला. तिच्या होकाराची प्रत. ऑफिसचा शिक्का. तीस ऑक्टोबर.

ऑर्डर एकोणतीसला आली होती. पहिली लढाई दोन नोव्हेंबरला.

मायला माहीत होतं. दिव्यानीला माहीत होतं. रीताबाईंना माहीत होतं. दिनेश सरांची बायको पुनमच्याच हॉस्पिटलात कामाला आहे. त्या दिवशी त्यांनी माझा हात कशासाठी दाबला ते आत्ता लक्षात आलं. आणि मी त्यांना डावी बगल सांगत होतो.

मी म्हटलं, मग तीन रविवार खेळली कशाला?

ती भाजी निवडत होती. वर बघितलं नाही. म्हणाली, "जिंकले असते तर तुमी काय बोलले असते, थे मले मालूम होतं. तुमी हरल्यावर काय करता, थे पाहाचं होतं."

मी विचारलं, पाहिलं?

"पाह्यलं," म्हणाली.

भाजी निवडत राहिली. मेथी होती.

२६ नोव्हेंबर, बुधवार
काही विशेष नाही.

१ डिसेंबर, सोमवार
पुनम सकाळच्या बसनं गेली. दोन बॅगा. माय सोबत गेली, आठ दिवस तिची जागा लावून द्यायला. पुनमला कधी येशील विचारलं तर म्हणाली, दुसऱ्या अन् चौथ्या शनिवारी. मी पण येऊ का तिकडे मधूनमधून, असं विचारायचं होतं. बस सुटल्यावर सुचलं.

शाळेत सगळे नीट वागले. त्यामुळे जास्त त्रास झाला.

संध्याकाळी रीताबाईंनी दिव्यानीला आणि मला जेवायला बोलावलं. मी म्हटलं, तू हो पुढे, मला तपासायच्या वह्या आहेत. वह्या नव्हत्या. वीस मिनिटांनी गेलो.

भात, वरण, वांग्याची भाजी. रीताबाई वाढता वाढता म्हणाल्या, "सर, तुमच्यासारखा मानूस पाहिजे. पुनमले तुमीच हिंमत देऊन पाठवलं म्हनते."

कोण म्हणते, ते मी विचारलं नाही. मी म्हटलं, हो, मीच म्हटलं जा म्हणून.

दिव्यानी जेवत होती. तिनं मान वर केली नाही. पाण्याचा तांब्या तेवढा माझ्याकडे सरकवला.

मी भात परत मागून घेतला.